फरशी न भिजवणारा नळ

२ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ

निर्णय पक्का. स्वयंपाकघरात सायडरचा नळ बसवणार. स्टीलच्या टाक्या, गॅसचा सिलिंडर, फ्रिज, नळ. दांडी ओढली की पेला भरला. खाली थेंब नाही.

कारण लिहून ठेवतो. ओलिवा जाताना दारात म्हणाली, "चौतीस वर्षं मी तुझ्यामागे फरशी पुसतेय, फ्रोइलान. आता नाही पुसवत." बॅग उचलली आणि बसस्टॉपकडे चालू लागली. त्याला आज तीन आठवडे झाले.

तेव्हा वाईट वाटलं होतं. आता शांतपणे विचार केल्यावर हुरूप आलाय. लोक म्हणतात, बायका नेमकं काय बिनसलंय ते सांगत नाहीत. माझ्या बायकोने मुद्द्याचं सांगितलं. प्रॉब्लेम फरशीचा आहे. आणि फरशीचा प्रॉब्लेम इंजिनिअरिंगने सुटतो.

तिचं चूक नाही. आपल्याकडे सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ओतायचा म्हणजे बाटली डोक्यावर, पेला मांडीपाशी आणि मधे हवेतून धार. निम्मा पेल्यात, निम्मा फरशीवर. वर शेवटचा घोट जमिनीवर फेकायची रीत. माझा हात बसलेला आहे, माझा फार सांडत नाही. पण सांडतो.

ती हिहोनला बहिणीकडे आहे. रेमेदियोसच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, तिला सोबत लागते. म्हणजे ओलिवा तशीही गेलीच असती.

टार्गेट: १९ मे, लग्नाचा पस्तिसावा वाढदिवस. साडेतीन महिने हातात. मी एकतीस वर्षं दूध डेअरीत पाइपांशी संसार केला आहे. हे काम दोन आठवड्यांचं.

५ फेब्रुवारी

सेनेनला सांगितलं. सेनेन म्हणजे शेजारी, पत्त्यांतला भिडू, आणि प्रत्येक गोष्टीत खोट काढणारा. म्हणाला, "लेका, सायडर उंचावरून पडतो तेव्हा जागा होतो. नळातून काय येणार? चूळ भरायचं पाणी."

मी समजावलं की गॅसच त्याला जागं करणार. म्हणाला, "मग त्याला लिंबू सरबत म्हण आणि पोरांच्या वाढदिवसाला वाट."

आमच्या अस्तुरियास प्रांतात नवीन विचार का रुजत नाहीत, ते कळलं.

निघताना म्हणाला, ओलिवाला फोन कर. मी म्हटलं, रविवारी करतो. म्हणाला, आज कर. मी म्हटलं, आज टाक्यांची ऑर्डर द्यायची आहे.

९ फेब्रुवारी

पार्सल आलं. एकोणीस लिटरच्या दोन टाक्या, सेकंडहँड. पूर्वी त्यांत कोल्ड्रिंक असायचं. पहिली उघडली तर आत संत्र्याचा वास. सोड्याने तीनदा धुतली. वास होता तिथेच. ओलिवाला संत्री आवडतात. अडचण नाही.

११ फेब्रुवारी

फोन केला. नळाचं बोललो नाही, सरप्राइज आहे. खुबा कसा आहे विचारलं. कोणाचा, म्हणाली. मग म्हणाली, बरा आहे. कधी येतेस विचारलं. म्हणाली, बघू.

'बघू' म्हणजे 'नाही' नव्हे.

मग वॉशिंग मशीन कसं लावायचं ते विचारलं. तिने सांगितलं. पावडर कुठे असते तेही. बोलणं मशीनवरच संपलं, त्यामुळे मनातलं काही बोलता आलं नाही. पुढच्या वेळी प्रश्न लिहून घेऊन बसावं.

१७ फेब्रुवारी, दुपारी १२

नवा फ्रिज घ्यायची गरज नाही. घरातला आहे. एकट्या माणसाला फ्रिज लागतो कितीसा? चीज बाहेर टिकतं, अंडी बाहेर टिकतात. हा ओलिवाचा आवडता फ्रिज, तिने स्वतः रंग निवडलेला. नळ त्याच्याच अंगावर दिसला की तिला दुप्पट आनंद होईल.

ड्रिल काढलं. दार जपायचं म्हणून बाजूच्या भिंतीला भोक पाडतोय.

१७ फेब्रुवारी, दुपारी पाऊण

फुस्स असा आवाज आला. बराच वेळ येत होता.

१८ फेब्रुवारी

फ्रिजच्या बाजूच्या भिंतीतून थंडाव्याचा पाइप जातो. हे बाहेर कुठेही लिहिलेलं नसतं. कंपनीची चूक.

फ्रिज आता कपाट म्हणून उत्तम चालतो. पावडर त्यातच ठेवली.

२५ फेब्रुवारी

सेनेनने गॅरेजमधला त्याचा जुना फ्रिज दिला. त्यात तो गळाचं आमिष ठेवायचा. आणताना त्याने माझ्या मेलेल्या फ्रिजकडे पाहिलं, भोकात बोट घालून बघितलं आणि टोपी काढून छातीशी धरली. हसलो नाही.

या वेळी दाराला भोक. अचूक.

दुपारी त्याने पुन्हा विचारलं, तिच्याशी बोललास का नीट? हो म्हटलं. काय म्हणाली? म्हटलं, पावडर सिंकखाली असते.

सेनेनने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो असा मायेने वागला की मला तो अजिबात आवडत नाही.

३ मार्च

पिंपातला सायडर टाकीत भरला. या वर्षीचा सायडर गेल्या दहा वर्षांत झाला नाही असा आहे. थोडा आंबट, थोडा तुरट, मागे हिरव्या गवताचा वास. ऑक्टोबरमध्ये सफरचंदं ओलिवाने आणि मीच वेचली. म्हणजे वेचली तिने, मी चरकापाशी होतो.

झाकण लावलं, गॅस जोडला. एक आठवडा तसाच ठेवायचा. एकेक गोष्ट पुस्तकाबरहुकूम चालली आहे.

१० मार्च

सिलिंडर रिकामा. सायडर जसाच्या तसा, मुका.

साबणाचं पाणी लावून तपासलं. सहा जोडांपैकी पाच ठिकाणी फुगे. सहाव्या ठिकाणी मी गॅस जोडायचाच विसरलो होतो. सगळे वॉशर बदलायचे. आठवडाभर गॅस माझ्या स्वयंपाकघरात फिरत होता आणि मी तिथेच पेंगत बसत होतो. मला वाटायचं, एकटेपणामुळे होतंय. गॅस निघाला. मोठंच ओझं उतरलं.

१६ मार्च

एल्वीरा आली, ओव्हिएदोहून, गाडीने. मुलगी आली की घर भरतं. तिच्यासाठी सायडरमध्ये सॉसेज शिजवले. थोडे लागले खाली.

तिला सगळी सिस्टीम दाखवली. दाब, तापमान, नळीचा व्यास. तिने ऐकून घेतलं. मग मेलेला फ्रिज उघडला आणि आत धुण्याची पावडर, चपला आणि पाव बघून तशीच उभी राहिली.

म्हणाली, "बाबा, मावशीचा खुबा नाताळाच्या आधीच बरा झालाय. ती जिने चढते, बाजारात जाते."

मी म्हटलं, मग जपायला हवं, अशा वेळीच माणूस पडतो.

म्हणाली, "बाबा. आजी गेली तेव्हा तू कुठे होतास, आठवतं?"

आठवतं. न आठवायला काय झालं. नोव्हेंबर होता, चार वर्षांपूर्वीचा. ओलिवा तीन दिवस हॉस्पिटलमध्ये आईपाशी होती. तिचा फोन आला तेव्हा चरकात सफरचंदं भरलेली. चरक भरला की थांबवता येत नाही, रस काळा पडतो. सकाळी येतो म्हटलं. सकाळी गेलो. सासूबाई पहाटे गेल्या होत्या. हे सगळं एल्वीराला समजावून सांगितलं, रस काळा का पडतो तेही.

ती कांदा चिरत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आमच्या मातीतला कांदा फार उग्र.

३१ मार्च, ईस्टर, दुपारी १

नवीन सिलिंडर. नवीन वॉशर. तीन आठवडे दाबाखाली. आज पहिली धार. साक्षीदार म्हणून सेनेनला बोलावलं. कोकराचं मटण त्याच्या बायकोने पाठवलं.

३१ मार्च, दुपारी २

फेस.

पहिला पेला फेस. दुसरा फेस. सहावा पेला फेस. सेनेन म्हणाला, "दाढी करायची असेल तर सांग, वस्तरा आणतो." मग दांडी बंद होईना. नळाने स्वयंपाकघराला आंघोळ घातली, मला घातली, मटणालाही घातली. सेनेन हसता हसता खुर्चीवरून खाली आला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

मग सवयीने दाराकडे पाहिलं, पोछा घेऊन ती येतेय का म्हणून.

सेनेनने पोछा आणला. आम्ही दोघांनी पुसलं.

१३ एप्रिल

दोष सापडला. नळी आखूड होती, हातभर. वाटेत दाब उतरायला नळी लांब लागते, तीन मीटर. सायडर घाईघाईने बाहेर आला की चिडतो. त्याला वळणं घेत, सावकाश येऊ द्यावं लागतं. डेअरीत दुधाला हा त्रास नव्हता. दूध गरीब.

लांब नळी आत गुंडाळून बसवली. सेनेनला म्हटलं, आता बघ.

२७ एप्रिल, सकाळी ११

जमलं!!

पेला तिरका धरला, दांडी ओढली. सोनेरी, गार, वर बोटभर फेस. एक थेंब खाली नाही. खाली पांढरा कागद अंथरून तपासलं. कागद कोरडा. चव अशी की संत्र्याचा वाससुद्धा मुद्दाम घातल्यासारखा वाटतो.

"ओलिवा, इकडे ये, बघ!" अशी हाक मारली गेली. मोठ्याने. ती इथे नाही हे अर्थातच मला माहीत आहे. उत्साहात होतं असं.

पेला धुवून ठेवला.

६ मे

ओलिवाचा फोन. तिने स्वतः केला!

१८ तारखेला, शनिवारी येतेय. एल्वीराच्या गाडीने. म्हणजे वाढदिवसाच्या बरोबर आदल्या दिवशी. तारीख तिनेच निवडली. म्हणाली, बोलायचं आहे, आणि शिवणयंत्र न्यायचं आहे.

यंत्र बरेच दिवस अडकत होतं. हिहोनमध्ये दुरुस्तीवाला चांगला असेल.

सेनेनला सांगितलं. त्याने पत्ते खाली ठेवले. म्हणाला, "गड्या, दुरुस्तीला यंत्राबरोबर माणूसही राहतं का तिकडे?" मी पुढचं पान टाकलं. डाव मी जिंकला.

१२ मे

तयारी. घर झाडलं. फरशी स्वतः घासली, गुडघ्यांवर बसून, जुन्या ब्रशने. चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटं गुणिले रोज गुणिले चौतीस वर्षं असं करायला घेतलं होतं. मग पेन्सिल ठेवून दिली. कंबर दुखत होती.

१८ मे, सायंकाळी ५

ती अकराला आली. केस कापलेत. चेहऱ्याचा रंग थोडा उजळलेला की उन्हाने रापलेला, ठरवता येईना. एल्वीरा गाडीतच थांबली, मुद्दाम.

मी आधी काही बोलू दिलं नाही. हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, नळापुढे उभं केलं आणि सगळं सांगितलं. टाक्या, गॅस, तीन मीटर नळी. मग खाली पांढरा कागद अंथरला आणि पेला भरला. थेंब नाही. कागद उचलून दाखवला.

"बघ. आता कधीच पुसावं लागणार नाही."

ती कागदाकडे बघत राहिली. मग विचारलं, "हे तू फरशीसाठी केलंस?"

म्हटलं, "तूच म्हणाली होतीस."

ती खुर्चीवर बसली. पेला दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "अरे फ्रोइलान, फरशीसाठी कोण घर सोडतं?"

मी म्हटलं, मग सांग कशासाठी, तेही दुरुस्त करतो. माझ्याकडे अजून एक अख्खी टाकी आहे. हे का बोललो माहीत नाही.

ती हळू बोलली. भांडणाचा सूर नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, भांडण मला येतं. म्हणाली, "आई गेली त्या सकाळी तू आलास तेव्हा तुझ्या हातांना रसाचा वास होता. मी वाट बघत होते की आता मला राग येईल. तो आलाच नाही. तुझ्याकडून मी काही मागायचंच सोडून दिलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. आणि मी घाबरले. चार वर्षं घाबरून काढली. मग जानेवारीत एकदा सकाळी उठले आणि ठरवलं."

मी म्हटलं, चरक भरला होता.

ती म्हणाली, "माहीत आहे रे. दरवेळी भरलेलाच असायचा."

मग हिहोनमध्ये भाड्याने खोली घेतलीय म्हणाली. एका दुकानात पडदे शिवते. म्हणून यंत्र.

मी म्हटलं, नळ काढून टाकतो.

"नको," म्हणाली. "चांगला झालाय." आणि पेला शेवटपर्यंत प्यायली. शेवटचा घोट जमिनीवर फेकायला हात पुढे गेला, मग थांबली, आणि तोही प्यायली.

यंत्र दोघांनी उचललं, एका बाजूने ती, एका बाजूने मी. पायरीवर म्हणाली, "सावकाश, तुझा खांदा."

एल्वीराने गाडीतून उतरून मला घट्ट धरलं. मी तिला म्हटलं, मागचं दार नीट लावलंय का बघ, यंत्र हलेल.

१९ मे

विश्लेषण.

एक तर ती पूर्ण पेला प्यायली. एकही थेंब न टाकता. शिवाय, चांगला झालाय, म्हणाली. आणि खांद्याचं तर मी काही बोललोच नव्हतो, तिने स्वतःहून काढलं. ज्या बाईला परत यायचं नसतं ती नवऱ्याच्या खांद्याची चौकशी का करेल?

खोली भाड्याची आहे. भाड्याची खोली सोडता येते.

चूक माझी एवढीच की मी ती इकडे येण्याची वाट बघत बसलो. माफी मागायला आपल्याला जावं लागतं.

१ जून, सकाळी ७

आज हिहोन. दोन लिटरची बाटली नळातून भरली, झाकण घट्ट, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली. खोलीचा पत्ता ठाऊक नाही, रेमेदियोसकडे विचारेन. दाढी केली. निळा शर्ट. इस्त्री स्वतः. एक बाही नीट आलीय, तीच पुढे ठेवेन.

काय बोलायचं ते पाठ केलं आहे. सासूबाईंबद्दल आधी. चरकाचं काढायचं नाही.

आठची बस.

१ जून, सायंकाळी ६

रेमेदियोसने दार उघडलं. मला आणि बाटलीला बघितलं. आत ये म्हणाली नाही, पण रागावलीही नाही. म्हणाली, ओलिवा या वेळी समुद्रावर असते. रोज. सान लोरेन्सोच्या पुळणीवर, वाळूत उतरणाऱ्या चार नंबरच्या जिन्यापाशी.

गेलो. ओहोटी होती. कठड्यापाशी उभा राहून पुळणीवर तिला शोधलं. आमच्या गावापासून समुद्र फार लांब नाही, एल्वीरा लहान असताना दर उन्हाळ्यात जायचो. ओलिवा नेहमी वाळूत पिशव्यांपाशी बसायची, आमचे कपडे राखत. म्हणून मी पिशव्यांपाशी बसलेली बाई शोधत होतो. पिशव्यांचा ढीग होता. त्याच्यापाशी कोणी नव्हतं.

पाण्यात सात-आठ बायका होत्या. रंगीत टोप्या घातलेल्या, सगळ्या वयस्कर. एवढ्या गार पाण्यात. एक लाट आली, त्या सगळ्या वर उचलल्या गेल्या आणि ओरडल्या. त्यांतली एक हसली.

ते हसू मी ओळखलं. तोंड दिसायच्या आधी ओळखलं. लग्नाआधी ती तसं हसायची, सायडरच्या जत्रेत, तोंड वर करून. नंतर कधी बंद झालं ते मला सांगता येणार नाही. मी लक्ष दिलं नव्हतं.

पिवळी टोपी. ती लाटेखाली गेली, पलीकडे वर आली, आणि हात मारत सरळ आत गेली. नीट पोहत होती. कधी शिकली ते माहीत नाही. या पाच महिन्यांत असेल. किंवा तिला आधीपासून येत असेल आणि कपडे राखायला कोणीतरी हवं म्हणून ती बसत असेल. हे मी तिला कधी विचारलं नाही.

तासभर उभा होतो. बाटली कोमट झाली. शेजारी एक म्हातारा कुत्रा घेऊन उभा होता. त्याने विचारलं, तुमचं कोणी आहे का पाण्यात? मी म्हटलं, नाही.

एकदा ती बरीच जवळ आली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून कानांतलं पाणी काढत होती. हाक सहज ऐकू गेली असती. आणि मी हाक मारली असती तर ती बाहेर आली असती. तेवढं मी तिला ओळखतो. टॉवेल गुंडाळून, कुडकुडत, माझं ऐकून घेत उभी राहिली असती.

दीडच्या बसने परत आलो.